पट्ट्याची पँट की स्टडचं जॅकेट? पंकचा एकच कपडा घेणाऱ्यांसाठी

गेल्या दोन वर्षांत तिघांनी मला हा एकच प्रश्न विचारला. एक मँचेस्टरला शिकायला आलेला माझा मामेभाऊ, एक ऑफिसातली मैत्रीण, आणि एक पुण्याचा मित्र, जो इकडे येताना खरेदीची यादीच करून आला होता. प्रश्न असा, की ब्रिटिश पंकचा एकच खराखुरा कपडा घ्यायचा, तोही कपाटात ठेवायला नाही तर वापरायला, तर कुठला घ्यावा? बूट, बिल्ले, फाटके टी-शर्ट यांवर फारसा खल होत नाही. ते नाही आवडले तर कुणाला तरी देऊन टाकता येतात. मन अडकतं ते दोन मोठ्या वस्तूंत. एक म्हणजे बाँडेज ट्राउझर्स, दोन्ही गुडघ्यांना जोडणारा पट्टा असलेली, चेन आणि कड्या लावलेली पँट. दुसरं म्हणजे धातूचे स्टड, म्हणजे टोकदार किंवा चपट्या टिकल्या, ठोकलेलं, पाठीवर रंगवलेलं चामड्याचं जॅकेट.

माझ्याकडे दोन्ही आहेत. जॅकेट घेऊन नऊ वर्षं झाली, पँट घेऊन सहा. दोन्ही मँचेस्टरच्या पावसात, ट्राममध्ये, लहानमोठ्या गिग्जना, म्हणजे बँडच्या कार्यक्रमांना, आणि ब्लॅकपूलला ऑगस्टमध्ये भरणाऱ्या पंकच्या रिबेलियन महोत्सवात वापरून झाली आहेत. खाली लिहितोय ते तेवढ्या भांडवलावर. तुमचं गाव, तुमचं अंग आणि तुमची रोजची धावपळ वेगळी असेल तर हिशेब वेगळा निघू शकतो, हे आधीच मान्य करतो.

दोघांचं कूळ

पंक ही सत्तरच्या दशकातली बंडखोर संगीताची आणि पोशाखाची लाट, आणि सेक्स पिस्टल्स हा तिचा गाजलेला ब्रिटिश बँड, एवढंच सांगून पुढे जातो. पण या दोन कपड्यांचं कूळ अगदी वेगळं आहे, आणि अंगात घातल्यावर ते जाणवतं.

पँटचा पत्ता पक्का आहे: ४३०, किंग्ज रोड, चेल्सी, लंडन. व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लॅरेन यांचं दुकान. १९७१ मध्ये त्याचं नाव ‘लेट इट रॉक’ होतं आणि तिथे १९५० च्या दशकातल्या टेडी बॉय पोरांच्या पद्धतीचे कपडे मिळायचे. १९७४ मध्ये ते ‘सेक्स’ झालं आणि १९७६ च्या अखेरीस ‘सेडिशनरीज’. वेस्टवुड त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. जुने कपडे उसवायचे, कुठे काय कसं जोडलंय ते बघायचं आणि पुन्हा शिवायचं, अशा पद्धतीने त्यांचा हात तयार झाला. ही पँट बघितली की ते लगेच कळतं. अमेरिकन सैनिकांची पँट, मोटरसायकलवाल्यांच्या कपड्यांवरच्या चेन आणि लोक जिथे लपूनछपून खरेदी करत त्या कामुक वस्तूंच्या दुकानांतले पट्टे, हे सगळं उसवून एका पँटमध्ये शिवलेलं आहे. मूळची पँट काळ्या, किंचित चमक असलेल्या सुती कापडाची. पुढची चेन (झिप) दोन पायांमधून थेट मागपर्यंत जाते. मागे टॉवेलच्या कापडाचा एक तुकडा लोंबतो. आणि गुडघ्यांमध्ये तो पट्टा. पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन याने असाच पट्ट्यांचा सूट १९७६ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या कार्यक्रमात घातला आणि तिथून तो सगळ्यांच्या डोळ्यांत भरला.

जॅकेटला असा एक पत्ता नाही. तिरप्या चेनचं मोटरसायकल जॅकेट १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने काढलं. १९५३ च्या एका अमेरिकन चित्रपटात मार्लन ब्रँडोने त्या धाटणीचं जॅकेट घातलं, आणि ब्रिटनच्या सेन्सॉरने तो चित्रपट १९६७ पर्यंत अडवून ठेवला. तोपर्यंत इथल्या रॉकर पोरांनी ते जॅकेट आपलंसं केलं होतं. लंडनच्या एस कॅफेवर मोटरसायकली लावायच्या आणि जॅकेटवर स्टड, बिल्ले, आपल्या टोळीची नावं चढवायची. पुढे ४ जुलै १९७६ ला न्यूयॉर्कचा रमोन्स हा बँड लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवून गेला, चौघांच्याही अंगात चामड्याची जॅकेटं. पण खांद्यापासून मनगटापर्यंत स्टडच स्टड, पाठीवर बँडचं नाव पांढऱ्या रंगात, हे रूप खऱ्या अर्थाने भरात आलं १९८० नंतरच्या दुसऱ्या लाटेत. एडिंबराचे एक्स्प्लॉइटेड, बर्मिंगहॅमचे जीबीएच, स्टोकचे डिस्चार्ज हे त्या लाटेतले बँड. लंडनच्या किंग्ज रोडवर पर्यटकांना विकायच्या पोस्टकार्डांवर जी उभ्या केसांची पोरं दिसायची ती यांच्या वळणाची.

थोडक्यात, पँट कुणीतरी विचार करून आखलेली आहे. जॅकेट ज्याचं त्याने, वर्षानुवर्षं, हाताने घडवलेलं आहे. म्हणून पहिल्या भेटीत जॅकेटच जास्त आपलं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी आधी तेच घेतलं.

काळी की चौकडीची

पँट घ्यायची ठरली तर पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण दुकानदार याबद्दल काहीच सांगत नाही.

आज सगळ्यात जास्त खपते ती लाल टार्टनची, म्हणजे लाल चौकडीच्या कापडाची पँट. लाल रंगावर हिरव्या, निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या रेघा असलेल्या या टार्टनचं नाव रॉयल स्ट्युअर्ट. ही ब्रिटिश राजघराण्याची चौकडी. राणी एलिझाबेथ यांची स्वतःची टार्टन म्हणून ती ओळखली जायची. ज्या वर्षी राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव देशभर साजरा होत होता, त्या १९७७ च्या आसपास पोरांनी तिचीच चौकडी घेतली, तिला पट्टे आणि पिना लावल्या आणि ती घालून रस्त्यावर आली. मे महिन्यात पिस्टल्सचं राणीवरचं गाणं आलं. ७ जूनला त्यांनी थेम्स नदीत बोटीवर कार्यक्रम केला, आणि बोट काठाला लागल्यावर पोलिसांनी त्यांचा मॅनेजर असलेल्या मॅक्लॅरेनसह काही जणांना धरलं. हे सगळं त्या लाल चौकडीत विणलेलं आहे.

त्याच्याही मागे जा. १७४६ मध्ये, कलोडनच्या लढाईनंतर, ब्रिटिश संसदेने कायदा करून स्कॉटिश डोंगराळ भागातल्या पुरुषांना त्यांचा पारंपरिक पोशाख घालायला बंदी केली. ती बंदी उठली १७८२ मध्ये. छत्तीस वर्षं माणसांना आपलं कापड अंगावर घालता आलं नाही. पुढे तेच कापड राजघराण्याने मिरवलं, सैन्याने मिरवलं, बिस्किटांच्या डब्यांवर आलं. पंकने ते पुन्हा बंडाच्या बाजूला ओढलं. मला हे कळलं तेव्हा माझ्या कपाटातल्या पँटकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. एका कापडाने एवढ्या वेळा बाजू बदलावी आणि प्रत्येक वेळी त्यात जोर असावा, याचं मला मनापासून कौतुक आहे.

तरी माझी पँट काळी आहे. कारण साधं आहे: लाल टार्टनच्या बऱ्याच स्वस्त पँटींमध्ये शिलाईच्या रेघेवर चौकडी जुळलेली नसते. मांडीवरची आडवी रेघ शिवणीपाशी येते आणि बोटभर खाली सरकते. एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसत नाही. चौकडी जुळवून शिवलेली, लोकर असलेल्या कापडाची पँट मिळाली आणि खिसा परवानगी देत असेल तर बेलाशक लाल घ्या.

पट्टा

लोक सगळ्यात आधी हेच विचारतात: चालता येतं का?

येतं. पट्टा नवारीसारख्या जाड विणलेल्या पट्टीचा असतो आणि दोन्ही टोकांना कुत्र्याच्या साखळीला असतो तसा हूक. लांबी साधारण हातभर. सपाट रस्त्यावर तो अडवत नाही, फक्त पावलाची मर्यादा सांगतो. नेहमीसारखी ढांग टाकायला गेलं की हलकासा हिसका बसतो. पहिले चार दिवस चिडचिड होते. मग पाय शहाणे होतात. बस धरायला पळता मात्र येत नाही, आणि डबलडेकरचा जिना चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जावं लागतं, लहान मूल चढतं तसं. मागून लोक येत असतील तर अवघड होतं.

पण हूक दाबला की पट्टा सुटतो. एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूच्या कडीला अडकवला की तो मांडीवर नुसता झुलत राहतो, किंवा घडी करून खिशात जातो. दोन सेकंदांचं काम. बस दिसली, पट्टा सोडला, पळालो. वर जाऊन बसलो, पुन्हा लावला. सहा वर्षांत हे मी किती वेळा केलं असेल याची गणती नाही.

मागच्या टॉवेलच्या तुकड्याबद्दलही विचारणा होते. तो बहुतेक पँटींना वेगळा काढता येतो. थंडीत, ओल्या बाकावर बसताना तो चक्क कामाला येतो. ब्लॅकपूलला एकदा गर्दीत कुणाचा तरी बूट त्यावर पडला आणि तो एका कोपऱ्यात उसवून लोंबायला लागला. विंटर गार्डन्सच्या जिन्याशी मी तो हातात धरून उभा होतो. साठी ओलांडलेल्या, गुलाबी केसांच्या एक बाई आल्या, काही न विचारता त्यांनी आपल्या कॉलरवरची एक सेफ्टी पिन काढली, माझ्या मागे वाकून तुकडा नीट जागेवर टोचला, पाठीवर थाप मारली आणि गेल्या. माझ्या आईच्या बांगडीत कायम चार-पाच पिना अडकवलेल्या असायच्या. लग्नकार्यात कुणाचा पदर सुटला, कुणाचं हूक तुटलं की ती तशीच पुढे व्हायची. त्या जिन्यावर मला ती दिसली. पंकची पिन म्हटली की लोकांना गालात टोचलेली पिन आठवते, मला आता ही आठवते.

जॅकेटची बाजू, आणि ती ट्राम

जॅकेटची बाजू कमकुवत आहे असं कुणी समजू नये. थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वारा आत शिरत नाही. खिसे खोल असतात. पोट वाढलं तरी चेन उघडी ठेवून घालता येतं, पँटला ती सोय नाही. आणि त्याच्यात स्वतःचं मन ओतता येतं. क्लॅश या पंक बँडकडे सुरुवातीला किंग्ज रोडच्या किमती परवडण्यासारखे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या कपड्यांवर रंग उडवले, स्टेन्सिलने वाक्यं छापली, आणि तीच त्यांची ओळख झाली. माझं जॅकेट मी जुनं घेतलं, साठ पौंडांना, एकही स्टड नसलेलं. मग दोन हिवाळे संध्याकाळी बसून एकेक स्टड लावला. पिरॅमिडच्या आकाराच्या स्टडला आतून दोन पाय असतात. चामड्यात चीर द्यायची, पाय आत घालायचे, चमच्याच्या दांड्याने दाबून दुमडायचे. खांद्यांवर मात्र टोकदार स्पाइक लावले, आतून स्क्रूने आवळायचे. पाठीवर ॲक्रिलिक रंगाने अक्षरं काढली. त्या दोन हिवाळ्यांची मजा मला पँटने कधीच दिली नाही, हे कबूल करतो. ज्याला हाताने काहीतरी करायचंय त्याने जॅकेटच घ्यावं आणि तयार स्टड लावलेलं घेऊ नये.

वजन हा त्याचा दोष लोक सांगतात. भारतात जाताना बॅगा तोलायचा जो हातातला काटा असतो, त्याला मी ते लटकवून बघितलं: चार किलो तीनशे ग्रॅम. चार तास उभ्याने गिग ऐकली की मानेच्या दोन्ही बाजूंना कळ येते. पण वजनाची सवय होते. ऑगस्टमध्ये ब्लॅकपूलला घामाने अस्तर अंगाला चिकटतं, त्याचीही होते.

मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची.

डिसेंबरातली संध्याकाळ होती, ट्राम खच्चून भरलेली. मी दांडा धरून उभा होतो. माझ्या डाव्या अंगाला एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, गळ्यात फिकट जांभळी, हाताने विणलेली लोकरीची शाल. ट्रामने वळण घेतलं, सगळे एकीकडे कलले आणि माझ्या खांद्याचा एक स्पाइक त्या शालीत शिरला. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. पुढच्या थांब्यावर त्या उतरायला वळल्या आणि शाल ताणली गेली. एक धागा टाक्याटाक्याने सरकत वीतभर बाहेर आला. मी खाली वाकलो तर दुसरा स्पाइक अडकला. त्यांचा थांबा गेला. दोन थांबे मी त्यांच्या खांद्याशी मान वाकडी करून उभा होतो, आणि त्या थरथरत्या बोटांनी एकेक फास सोडवत होत्या. त्या एका शब्दाने रागावल्या नाहीत. उलट जाऊ दे, घरी जाऊन आत ओढून घेईन, असं मलाच समजावत होत्या. शाल त्यांनीच विणलेली होती. उतरून त्यांना दोन थांबे मागे जायचं होतं, पावसात.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो, आणि जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. मित्राच्या सोफ्याच्या पाठीवर तीन ओरखडे. गाडीच्या सीटबेल्टला सुटलेले धागे. बहीण मुलीला घेऊन आली तेव्हा ती तीन वर्षांची पोर हात पसरून धावत आली आणि मला तिला लांबूनच थांबवावं लागलं. जॅकेट काढेपर्यंत ती रुसून आईच्या मागे गेली होती.

स्पाइक काढून टाका की, असं कुणीही म्हणेल. काढले. खांद्यांवरचे बारा काढले. पण चामड्याला पाडलेलं भोक बुजत नाही. बारा भोकांतून मँचेस्टरचा पाऊस आत येतो आणि खांद्यांचं अस्तर ओलं राहतं. आतून मेण लावून बघितलं, थोडा फरक पडला. बाहेरून पॅच शिवले तर दिसायला बरं, पण मग ते दोन हिवाळ्यांचं काम झाकलं जातं. पट्टा सोडता येतो, स्टड सोडता येत नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

लोकांच्या नजरेचं काय

नजरा दोन्हींना मिळतात. ४३० किंग्ज रोडच्या दुकानात काम करणारी जॉर्डन, म्हणजे पामेला रूक, रोज सीफर्डहून रेल्वेने लंडनला यायची, तेही दुकानातलेच कपडे घालून. इतर प्रवाशांचा त्रास इतका वाढला की रेल्वेवाल्यांनी तिला पहिल्या वर्गात बसवायला सुरुवात केली. तो काळ गेला. आज पट्ट्याच्या पँटकडे लोक बघतात, क्वचित हसतात, म्हातारी माणसं थांबवून आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगतात.

जॅकेटचं थोडं वेगळं आहे, आणि आपल्या रंगाच्या माणसांनी हे लक्षात घ्यावं. आमच्या शेजारच्या गल्लीत एक गुजराती काका राहतात. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा ते इथे आले. मी पहिल्यांदा ते जॅकेट घालून त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी दार उघडून पुन्हा अर्धं लोटलं. सत्तरच्या दशकात बूट, स्टड आणि चामडं घातलेली पोरं रस्त्यात दिसली की ते पलीकडच्या फूटपाथवर जायचे. त्यातलं कोण पंक, कोण नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचा, हे जवळ जाऊन विचारायची सोय नव्हती. मी त्यांना सांगितलं की ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध प्रचंड सभा झाली, तिथे क्लॅश वाजवत होते, एक्स-रे स्पेक्स बँडची पॉली स्टायरीन गात होती, आणि तिचे वडील सोमाली होते. एलियन कल्चर नावाचा एक बँड दक्षिण लंडनच्या पाकिस्तानी घरांतल्या पोरांनी काढला होता, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘खरं असेल बेटा, पण मला ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.’’ तेव्हापासून त्यांच्याकडे जाताना मी जॅकेट घरी ठेवतो. पट्ट्याची पँट घालून गेलो तर मात्र ते पट्ट्याकडे बघून पडशील असं म्हणतात आणि चहा टाकायला सांगतात.

याला जोडूनच एक. जुन्या जॅकेटांवर आणि टी-शर्टांवर अधूनमधून नाझींचं चिन्ह सापडतं. सुरुवातीच्या काही पंक मंडळींनी ते लोकांना हादरवण्यासाठी वापरलं होतं. हेतू काहीही असो, मी ते घालणार नाही आणि तुम्हीही घालू नये असं मला वाटतं. आपल्या उंबऱ्यावर रांगोळीत स्वस्तिक काढलं जातं म्हणून ते आपल्याला परकं वाटत नाही, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. इथल्या ज्यू शेजाऱ्याला ते वेगळंच दिसतं.

घेताना

मूळ सेडिशनरीजच्या मागे लागू नका. खऱ्या वस्तू संग्रहालयांत आणि लिलावांत आहेत, आणि बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. वेस्टवुड आणि मॅक्लॅरेन यांच्या मुलानेच, जोसेफ कोरे याने, २६ नोव्हेंबर २०१६ ला आपल्या संग्रहातल्या पंकच्या वस्तू थेम्समध्ये बोटीवर जाळल्या. त्यांची किंमत पन्नास लाख पौंड असल्याचं तो सांगत होता. पंकच्या चाळिसाव्या वर्षाचे सरकारी थाटाचे सोहळे त्याला मान्य नव्हते. त्याचा राग मला कळतो, जाळणं आजही पटत नाही. ते कुणीतरी हाताने शिवलेलं होतं.

४३० ला मात्र जरूर जाऊन या. तिथे १९८० पासून वेस्टवुडचं ‘वर्ल्ड्स एंड’ आहे. बाहेर तेरा आकड्यांचं, उलटं फिरणारं मोठं घड्याळ आहे आणि आतली जमीन जहाजासारखी तिरपी आहे. मँचेस्टरला आलात तर फ्री ट्रेड हॉलही बघा. ४ जून १९७६ ला तिथल्या छोट्या सभागृहात पिस्टल्सनी मोजक्या लोकांपुढे वाजवलं आणि या शहराचं संगीत त्या रात्रीनंतर बदललं. आता तिथे हॉटेल आहे.

नवी पँट घेताना तीनच गोष्टी बघा. पायांमधून जाणारी चेन धातूची आणि जाड हवी. ती तिथेच सगळ्यात जास्त ताण खाते आणि प्लास्टिकची चेन वर्षभरात दात सोडते. पट्ट्याची लांबी कमी-जास्त करता आली पाहिजे. पट्टा सैल ठेवून सुरुवात करा. आणि गुडघ्याच्या कड्या पँटच्या नुसत्या कापडावर शिवलेल्या नसाव्यात, आतून दुसऱ्या कापडाचा तुकडा लावलेला असावा. कडी आतून बोटाने ओढून बघितली की समजतं.

माझ्या पँटला तो तुकडा नव्हता. दुसऱ्या वर्षी डाव्या गुडघ्याची कडी कापडासकट निघून आली. त्या सुट्टीत नाशिकला गेलो तेव्हा पँट बरोबर नेली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंपीकाकांना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. हा पट्टा कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. ताण कुठून येतो, एवढंच विचारलं. मी पट्टा लावून दुकानापुढच्या फरशीवर चार पावलं चालून दाखवली. ते खाली बसून माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. मग जुन्या जीन्सचे दोन गोल तुकडे कापून त्यांनी दोन्ही गुडघ्यांना आतून लावले, आणि कड्या बॅगा शिवायच्या मेणाच्या दोऱ्याने, फुलीचे टाके घालून बसवल्या. चार वर्षं झाली, त्यातला एक टाका सैल झालेला नाही. डाव्या गुडघ्याच्या आत बोट फिरवलं की जीन्सची जाड कड अजून हाताला लागते.